माझे गाऱ्हाणे दुसरीने सांगितले

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, मुंबईत सहा वेळा सलाईनमधून औषध घेतले आणि रत्नागिरीला परतले, तेव्हा मी बरी झाले असे सगळ्यांनी ठरवून टाकले होते. केसही उगवू लागले होते. फक्त माझे डोके पूर्वीचे राहिले नव्हते, आणि ते कोणाला सांगावे हे कळत नव्हते.

ऐंशीचे दशक अर्ध्यावर आले होते. मी एका स्थानिक दैनिकात मुद्रितशोधक होते. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचा, शाईचा आणि ओल्या कागदाचा वास असलेली ती खोली आजही आठवते. तालुक्यातल्या वाड्यांची नावे मला पाठ होती. खिळे जुळवणारे काका अडले की मलाच हाक मारत. आता ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरायला होई. विळी पुढ्यात असूनही तिला काय म्हणतात ते आठवत नसे. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, काळजी सोडा. पुढे एका निधनवार्तेत मयताच्या जागी त्यांच्या धाकट्या भावाचे नाव छापले गेले. प्रूफ मीच वाचले होते. ते भाऊ सकाळी कार्यालयात आले आणि संपादकांना म्हणाले, "मी अजून आहे हो. भेटायला येणाऱ्यांना चहा मीच देतोय." सगळे हसले, मीही हसले. नंतर संपादकांनी मला महिनाभर रजा घ्यायला सांगितले. त्यानंतरही असेच राहिले तर काम दुसऱ्याकडे जाणार, हे त्यांनी न सांगताच समजले.

त्या रजेत सासूबाई मला राजापूरजवळच्या त्यांच्या माहेरगावी ग्रामदेवीला घेऊन गेल्या. आमच्याकडे गाऱ्हाणे आपण स्वतः घालत नाही. अडचण गुरवाला सांगायची. तो ती मोठ्याने देवीपुढे मांडतो आणि जमलेली माणसे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. माझी श्रद्धा फारशी नव्हती. तरी एसटीत मी एक वाक्य जुळवून ठेवले होते.

"बोला बाय, काय सांगायचा देवीला?" गुरवांनी विचारले.

मी तोंड उघडले. वाक्य नव्हते.

"आजार परत येऊ नको म्हणावं," सासूबाई म्हणाल्या.

ते खरे होते, पण मी त्यासाठी आले नव्हते. मी मान हलवली. "नाही, ते... ते..." पुढे काही येईना.

नवस फेडायला नारळ घेऊन आलेली एक अनोळखी बाई माझ्या बारीक केसांकडे बघत होती. तिने विचारले, "मुंबयला सुया घेतल्यास काय गो?" मी हो म्हटले. ती गुरवांकडे वळली. "हिला बोलाक लावू नका. माज्या भयनीचा असाच झाला व्हता. छातीचा दुखना, सुया, नि मंग बोलता बोलता शब्द गावत नाय. येडी नाय ती. औषधानं होता." मग मला म्हणाली, "दीड वरीस लागला तिला. चुलीवर भात ठेवून इसरायची मेली. आता माजी धा वर्सापूर्वीची भांडणा पन काढते."

सासूबाईंनी माझा हात धरला. माझ्या मनातले ते दुसऱ्या कोणी मोठ्याने म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

गुरवांनी तेच उचलले. "आई, ह्या लेकीचा शब्द हरवलाय. तो तिला परत दे, नि देईपर्यंत तिला सांभाळ."

"व्हय म्हाराजा," पाच-सहा आवाज उठले. ते दोन शब्द मलाही म्हणता आले.

दर्शन घेऊन मागे पाहिले तोवर ती बाई निघून गेली होती. नाव विचारायचे राहिले.

रजा संपल्यावर मी संपादकांना सारे सांगितले. त्यांनी खिळे जुळवणाऱ्या काकांना बोलावून माझ्या जोडीला बसवले. काका मूळ मजकुरातली ओळ मोठ्याने वाचत, मी प्रूफावर बोट ठेवून तपासत असे. वाड्यांची नावे हळूहळू परतली. काही परतलीच नाहीत; ती मी विचारून घेऊ लागले, आणि विचारण्यात कमीपणा वाटेनासा झाला. अलीकडचे डॉक्टर सांगतात की ती औषधे मेंदूवरही परिणाम करतात, आणि तो तपासणीच्या चित्रांत दिसतो. तेव्हा ते मला सांगणारी एकच बाई भेटली.

ती देवीने पाठवली की आपल्या नवसासाठी आली होती, हे मी ठरवू शकत नाही. मला एवढेच माहीत आहे की जे सांगायला मी गेले होते, ते माझ्या तोंडून निघाले नाही, आणि तरीही देवीपर्यंत पोहोचले.