हात न लावता

दूर बसून दुसऱ्याचा कंप्युटर दुरुस्त करायची युक्ती अलीकडे परदेशात निघाली, असं माझा मुलगा सांगतो. साफ खोटं. ती आमच्या थोरल्या साडूंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या अक्काच्या यजमानांनी, सन नव्वद उलटल्याबरोबर पूर्णा गावात बसून काढली, आणि त्यासाठी त्यांना एका काळ्या फोनखेरीज काहीही लागलं नाही. साडू तिथं रेल्वेत नोकरीला. पण कुठलंही यंत्र बिघडलं की ओळखीचे लोक मेकॅनिकच्या आधी त्यांना फोन करत. बोरीच्या गिरणीवाल्यानं एकदा नुसता रिसीव्हर चालू गिरणीपुढे धरला. साडूंनी डोळे मिटून ऐकलं, "पट्टा ढिला झालाय, आवळा" म्हणाले आणि पुन्हा चहाला लागले. चारठाण्याच्या चुलतभावाची म्हैस अडली, तेव्हा तिलाही आपण फोनवरूनच मोकळी केली, असं ते सांगत. म्हशीची बाजू कुणी ऐकून घेतली नाही.

एवढं असून ते जागेवर कधीही येत नसत. कारण सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. साडूंनी स्वतः हात लावला की वस्तू कामातून गेलीच. आमचा रेडिओ त्यांनी एकदा उघडला, तो आजतागायत मिटलेला नाही. सासऱ्यांच्या घड्याळाला त्यांनी प्रेमानं किल्ली दिली, तेव्हापासून त्या घरात दुपारचे तीन वाजलेले आहेत. अक्का चारचौघांत म्हणायची, "ह्यांचं डोकं लय भारी हाय, हात तेवढे देवानं घाईत बसवले." सगळे हसत. साडूही हसत, आणि दोन्ही हात हळूच मांडीखाली सारत. मला ते बघवत नसे.

जिंतूरला माझी टायपिंगची शिकवणी होती. तिथं मी हौसेनं कंप्युटर आणला आणि साडूंच्या तावडीत सापडलो. ते नांदेडला कंप्युटरचा छोटा वर्ग करून आले होते. तिथंही म्हणे त्यांनी सगळी बटणं शेजाऱ्याकडूनच दाबून घेतली. माझं यंत्र अडलं की मी पूर्णेला फोन लावायचा आणि उलटतपासणीला उभं राहायचं.

"साडूभाऊ, पडद्यावर काय दिसायलंय?"

"काहीतरी इंग्रजीत आलंय, दाजी."

"काहीतरी म्हंजे? अक्षर न् अक्षर वाचा. अर्थ मी लावतो."

मी घाईनं मधेच एखादं बटण दाबलं, तर त्याचा टक् आवाज त्यांना पूर्णेत ऐकू जाई. "हात लावलाव ना? आता इत्मिनानानं बसा. मी चहा घेऊन येतो." आणि खरोखरच ते चहा पिऊन येत, मी रिसीव्हर कानाला लावून बसलेलो.

पुढे मुलींच्या शाळेच्या बाई कंप्युटर पाहायला यायच्या ठरल्या. त्यांना पटलं तर शाळेच्या मुली माझ्याकडे शिकायला येणार, नाहीतर यंत्रावर कापड टाकून मी पुन्हा टायपिंगच्या खडखडाटात. धीराला म्हणून मी साडूंना गळ घालून बोलावून घेतलं. बाई आल्या, मी बटण चालू केलं आणि काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ येऊन ठप्प झाली.

"दाजी, बघा की जरासं," बायको म्हणाली.

साडूंचा चेहरा उतरला. ते उठले, चपला घातल्या आणि चक्क बाहेर पडले. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"साडूभाऊ, काय दिसायलंय?"

खिडकीतून पाहिलं तर समोरच्या औषधांच्या दुकानात, आमच्याकडे पाठ करून, साडू फोन धरून उभे. मी निमूटपणे ओळ वाचली.

"फ्लॉपी आतच ऱ्हायली बघा. काढा ती." काढली. "आता कुठलंबी एक बटण दाबा. झालं."

कुठलंही. म्हणजे यात बिघडण्यासारखं काहीच नव्हतं, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी पुढे केलेलं बोट मागे घेतलं.

"मी न्हाई दाबायचो, दाजी. तुमी येऊन दाबा."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की शिकवणी तर गेलीच, रात्रीचं जेवणही गेलं, हे मी समजून चुकलो. मग रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला.

साडू रस्ता ओलांडून आले. विजारीला हात पुसले, पुन्हा पुसले. "माझ्या हातातच दोष हाय, बाई," ते म्हणाले.

"असू द्या," बाई म्हणाल्या. "दाबा तुम्ही."

त्यांनी हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला आणि एकदम माझाच हात धरला. माझं बोट बटणावर टेकवलं, त्यावर आपलं बोट ठेवलं, डोळे घट्ट मिटले आणि दाबलं.

पडदा हलला. ओळी भराभरा वर सरकू लागल्या. बाई खूश झाल्या, सोमवारपासून मुली पाठवते म्हणाल्या. साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांचा तो गार, घामेजलेला हात आठवला की मला अजून गलबलून येतं.

"बिघडलं न्हाई ना?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"न्हाई, दाजी. चालू झालंय."

तरी त्यांनी बोट उचललं नाही. उचललं तर बंद पडेल, असं त्यांना वाटत असावं.