गुंडी जेवत नाही

टेपमावशींचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मोजमापाची टेप त्यांच्या गळ्यात सकाळी चहाच्या आधी पडायची, ती दिवा मालवतानाच उतरायची. नाव पडायला तेवढं पुरलं. तळमजल्यावरची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान आणि मागची खोली म्हणजे घर. नवे कपडे त्या क्वचित शिवत. लोकांची पोटं सुटत, उतरत, पुन्हा सुटत, आणि त्या पोटांवर मावशींचं पोट चालायचं. "आपली कंबर किती, ते कुणालाच ठाऊक नसतं," त्या म्हणत. "मी सांगितलं की माझी टेप खोटी."

नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगी नोकरीसाठी लांब. वरच्या मजल्यावर राहायच्या त्या मावशींच्या नणंदबाई. टेलिफोनच्या कचेरीत तीस वर्षं कानाला यंत्र लावून काढलेल्या, लग्नाच्या फंदात न पडलेल्या, आणि आता खिडकीत बसून सगळ्या गल्लीच्या शेळ्या उंटावरून हाकणाऱ्या. या दोघींचं भांडण असं कधी झालं नव्हतं. पण मधला माणूस गेला आणि बोलणंही त्याच्याबरोबर गेलं. जिन्यात भेट झाली की "बरं आहे ना, वहिनी?" "बरं आहे, वन्सं." एवढ्यावर दोन-दोन आठवडे भागायचं.

घरात आपल्याशिवाय आणखी काहीतरी जिवंत असावं, असं मावशींना फार वाटे. मांजर आणून पाहिलं. तीन दिवसांत मावशी शिंकून शिंकून बेजार झाल्या आणि एका वकिलाच्या काळ्या कोटावर इतके पांढरे केस गेले की तो म्हणाला, "मावशी, मी कोट आखूड करायला दिला होता, अस्तर बाहेरून लावायला नाही." मांजर दुसऱ्या घरी गेलं. मुलीनं फोनवर मासे सुचवले. "नको गं बाई," मावशी म्हणाल्या. "सारखं तोंड उघडतात आणि बोलत काहीच नाहीत. माझ्या जिवाला घोर लागेल."

मग एका दुपारी प्राण्यांच्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण दुकानात आली. तिला मऊ सुती कापडाच्या सहा पिशव्या हव्या होत्या. "शिवण बाहेरच्या बाजूला घ्या, मावशी. आत एकही दोरा लोंबायला नको. दातात अडकतो."

"कुणाच्या दातात?"

"सापाच्या. साप न्यायच्या पिशव्या आहेत."

मावशींनी खडू खाली ठेवला, टेप सारखी केली आणि पिशव्या मन लावून शिवल्या. एरवी गिऱ्हाइकानं येऊन माल न्यावा असा त्यांचा नियम, पण या पिशव्या त्या स्वतः पोचवायला गेल्या. डॉक्टरीणबाई काय समजायचं ते समजली. तिनं एका पेटीतून तपकिरी-काळा, मुठीएवढा गोळा काढून मावशींच्या ओंजळीत ठेवला.

"बॉल पायथन. अजगराच्या कुळातला, पण ठेंगणा. विष नाही. घाबरला की डोकं मधे घेतो आणि स्वतःचा चेंडू करून बसतो."

"म्हणजे घाबरल्यावर चावायचं सोडून हा गुंडाळून बसतो?"

"बहुतेक वेळा."

"अगदी माझ्यासारखा," मावशी म्हणाल्या. मग त्या गोळ्यातून आधी नाक आणि मग एक काळाभोर डोळा बाहेर आला, आणि मावशींचं ठरलं.

डॉक्टरीणबाईनं परवान्याचे कागद करून दिले आणि एका निवृत्त विज्ञान-मास्तरांचा पत्ता दिला. मास्तरांनी घराची मागची खोली पायथनांना दिली होती. कपाटाच्या खणांसारखे खण, प्रत्येकात एकेक. "रानातून धरलेला कधी घेऊ नका," त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. "धास्तावलेला असतो, आजारी असतो. हे सगळे इथेच जन्मलेले." आणि त्यांनी आपला दागिना काढला: पिवळाधमक, पांढरे ठिपके असलेला.

मावशींनी पाहुण्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि कोपऱ्यातल्या साध्या तपकिरी मादीकडे बोट केलं. मग त्यांनी तिला कापड पारखतात तसं पारखायला घेतलं. पोत हाताला घट्ट लागतो का? लागला. कणा टोचतो का, बरगड्या दिसतात का? नाही. डोळे स्वच्छ, नाकाशी बुडबुडे नाहीत, श्वासाला घरघर नाही, शेपटीखालची जागा कोरडी. हातात घेतल्यावर ती लोंबली नाही. मनगटाला वळसा घालून बसली.

"सगळे रंग बघतात," मास्तर म्हणाले. "तुम्ही शिवण बघताय."

"रंग काय, धुतल्यावर जातो."

"हिचा नाही जायचा. पण आज देणार नाही. पुढच्या आठवड्यात या, ही जेवताना बघा आणि मग न्या. आणि एक विचारतो, राग मानू नका. ही तीस वर्षं जगेल. तुम्ही छप्पन्नच्या. तुमच्यामागे हिला कोण?"

"माझ्या नणंदबाई आहेत की," मावशी पटकन म्हणाल्या. नणंदबाई साठीला टेकल्या होत्या आणि त्यांना यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

आठवड्यानं ती मादी घरी आली. वेटोळं घातलं की कापडी गुंडीसारखी दिसायची, म्हणून नाव पडलं गुंडी. मागच्या खोलीत भिंतीला लागून तिची काचपेटी ठेवली: एका टोकाला ऊब, बत्तीस अंश, दुसऱ्या टोकाला सव्वीस, दोन्हीकडे लपायला एकसारखे डबे, म्हणजे ऊब हवी की आडोसा, असा पेच तिला पडायला नको. पाण्याचं जड भांडं. हवेत ओल साठ टक्के. मावशींनी आयुष्यभर माणसांचे आकडे वहीत लिहिले होते, आता गुंडीचे लिहू लागल्या. लांबी मात्र कधी धड मिळाली नाही. टेप लावली की गुंडी टेपलाच वेटोळं घालायची.

नणंदबाईंना जिन्यात सांगावं लागलं. त्यांनी कठडा धरला. "वहिनी! या वयात ही अवदसा कुठून आठवली?"

"काही करत नाही हो ती. नुसती पडून असते."

"अजगर पडूनच असतो! तीच तर त्याची रीत!" आणि त्या दिवसापासून त्या एकेक पायरी आधी काठीनं ठोकून मगच खाली उतरू लागल्या. साप म्हणून भुई धोपटणं म्हणजे काय, ते गल्लीनं प्रत्यक्ष पाहिलं.

धंद्याचं म्हणाल, तर दोन बायकांनी दुकानात पाय टाकणं सोडलं. पण एक पोस्टातला कारकून मात्र नुसतं गुंडीला बघायला मिळावं म्हणून एकच पँट तीनदा आखूड करून घेऊन गेला. चौथ्यांदा मावशींनीच हात जोडले. "आता हिची चड्डी होईल. तुम्ही असेच येत जा."

गुंडी पाच वेळा नीट जेवली. बर्फात गोठवलेला उंदीर (शीतकपाटात मटारच्या पाकिटाखाली, तीन वेष्टनांत) मावशी गरम पाण्यात ठेवून कोमट करायच्या, लांब चिमट्यात धरून हलवायच्या, आणि गुंडी बाणासारखी यायची. जेवल्यावर दोन दिवस तिला हात लावायचा नाही, हा नियम पाळताना मावशींना स्वतःचेच हात मागे बांधावे लागत.

आणि मग गुंडीनं जेवण सोडलं.

पहिल्या आठवड्यात मावशींनी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या उंदराला चिमट्यात धरून असं नाचवायला लागल्या, की एखाद्याला दया येऊन त्यानंच तो खाल्ला असता. गुंडी तोंड फिरवायची. डॉक्टरीणबाई म्हणाली, "यांची ही खोडच आहे. महिनोन् महिने खात नाहीत. वजन बघत राहा, सारखं उचलू नका." मावशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायच्या. चारशे दहा ग्रॅम. चारशे दोन. तीनशे शहाण्णव. त्यांचंही जेवणावरून मन उडालं. गुंडी जेवत नाही, ही बातमी पसरली, आणि एक दिवस जिन्यात नणंदबाईंनी "बरं आहे ना" ऐवजी विचारलं, "जेवली का?"

"नाही हो, वन्सं."

"हं," म्हणून त्या वर गेल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही.

दहाव्या आठवड्यात नणंदबाई चुकून वर आलेलं मावशींचं एक पत्र द्यायला खाली आल्या. मावशी पुढच्या खोलीत कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर बसल्या होत्या. एका हॉटेलाच्या पडद्यांचं मोठं काम आलं होतं, त्यासाठीच हे दणकट मशीन आणलेलं. अडीच महिने ते दिवसभर धडधडत होतं. नणंदबाई मागच्या खोलीच्या दारात, पळता येईल अशा बेतानं उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पेटीकडे नीट पाहिलं.

"वहिनी! मशीन थांबवा बरं."

मावशींनी थांबवलं.

"आता चालवा. थांबवा. पुन्हा चालवा." मग त्या टेलिफोनच्या कचेरीत वापरत असाव्यात तशा आवाजात म्हणाल्या, "इकडे या. पाणी बघा तिचं."

गुंडीच्या भांड्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं थरथरत होती. मशीन थांबलं की पाणी आरशासारखं. फळ्यांच्या जमिनीतून हादरा थेट पेटीपर्यंत जात होता.

"साप जमिनीतलं ऐकतात ना? मग तिच्या कानाशी सकाळपासून घंटा वाजतेय. मी तीस वर्षं घंटा ऐकत डबा खाल्लाय, वहिनी. एक घास धड उतरला नाही घशाखाली. कोण जेवेल अशात?"

गुंडी नाराज का, म्हणून मावशींनी ऊब बदलली, डबे बदलले, उंदीर बदलले. आणि घरभर दवंडी पिटत होतं ते त्यांचंच मशीन. पडदे तर अजून निम्मे बाकी. दोघींनी पाण्याचा एक वाडगा घेतला आणि मशीन चालू ठेवून घरभर फिरवला. पलंगाखाली थरथरलं. ओट्यावर थरथरलं. शेवटी वाडगा जिना चढून वर गेला, आणि नणंदबाईंच्या खोलीत, मागच्या दगडी भिंतीतल्या कोनाड्यात पाणी गप्प बसलं.

नणंदबाईंनी पाण्याकडे पाहिलं, मग मावशींकडे. "नाही. वहिनी, नाही हं."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुमचा चेहरा म्हणतोय."

मावशी टेपचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"आठ दिवस," नणंदबाई म्हणाल्या. "झाकणाला कुलूप. आणि तोंड भिंतीकडे."

"तुमचं?"

"तिचं!"

पेटी वर गेली. आठ दिवस तिला कुणी हात लावला नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी मावशी चिमटा आणि उंदीर घेऊन वर आल्या. नणंदबाई पलंगावर, पाय वर घेऊन, उशी छातीशी धरून बसल्या होत्या. डब्यातून नाक बाहेर आलं. जीभ हलली. मान आखडली. आणि एकदम सपकन झडप! नणंदबाईंनी उशीत तोंड खुपसून किंचाळी दाबली, कारण जेवणाऱ्याला त्रास नको. मग कुजबुजल्या, "जेवली! वहिनी, जेवली हो!" मावशींना काही दिसेना. त्या डोळे पुसत होत्या.

आठ दिवसांचे दोन महिने झाले, पडदे संपले, मशीन थंडावलं, तरी पेटी खाली न्यायचा विषय कुणी काढला नाही. उलट खाली फोन येऊ लागले: "ओल पंचावन्नवर आलीय. पाणी शिंपडायला या. नको, राहू द्या, मीच शिंपडते." गुंडीनं पहिल्यांदा अखंड कात टाकली तेव्हा नणंदबाईंनी ती कागदावर पसरून ठेवली आणि मावशींना हाक मारली. मावशींनी ती उजेडाशी धरून पाहिली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक टाका उसवलेला नव्हता. "असं काम मला जन्मात जमलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांना थोडा मत्सरही वाटला, पण तो गुंडीचा की नणंदबाईंचा, ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. त्या वर जेवायलाच थांबल्या. मग रोजच थांबू लागल्या.

वर्षभरानं गुंडीला तपासणीला नेलं. नऊशे वीस ग्रॅम, तोंड निरोगी, सगळं ठीक. डॉक्टरीणबाई कार्ड भरू लागली. "मालक म्हणून कुणाचं नाव लिहू?"

"ह्यांचं," दोघी एकदम म्हणाल्या, आणि दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाईनं ती जागा कोरीच ठेवून खालच्या ओळीत घराचा पत्ता लिहिला. परत जाताना टॅक्सीत दोघी भांडत होत्या. नणंदबाईंचं म्हणणं, आता उंदीर एक आकार मोठा द्यायला हवा; मावशींचं म्हणणं, अजून महिनाभर थांबू. घर आलं तरी मिटलं नव्हतं. ड्रायव्हरनं तेवढ्या वाटेत तीनदा आरशातून मागे पाहिलं.