बडे साहेबांनी मान हलवली होती

आम्ही ऑफिसातले जुने लोक हैदराबादेत नामपल्लीच्या इराणी हॉटेलात भेटलो, की पंप, पगार, बढत्या सगळं बाजूला राहतं आणि विषय येतो सुधाताईंवर. एक जण सुरू करतो, दुसरा म्हणतो, थांब रे, आधी माझं ऐक. चहा निवून जातो, ताई काही संपत नाहीत.

सुधाताई आमच्या अकाउंट्सच्या प्रमुख. नारायणगुड्यातल्या जुन्या मराठी वकिलांच्या घरातल्या, जिभेला धार. मी पुण्याहून हैदराबादला गेलेला, खरेदी खात्यात. कारखाना पंपांचा, तेव्हा जेमतेम चाललेला. देश नुकताच खुला झाला होता आणि एक परदेशी कंपनी आमच्याशी भागीदारी करणार होती. अट एकच. त्यांचा ऑडिटर येणार आणि प्रत्येक मोठ्या खरेदीला कोणी मंजुरी दिली, त्याचा पुरावा बघणार.

आता आमच्याकडे मंजुरी म्हणजे काय? बडे साहेब, म्हणजे मूळ मालक, मान हलवायचे. जिन्यात, गाडीत बसताना, जेवताना. ती मान हो म्हणतेय की नाही, हे ओळखण्यात आमची उमेदवारी गेली. बडे साहेब वारले आणि त्या हललेल्या माना कागदावर आणायचं काम ताईंच्या गळ्यात पडलं.

*

बडे साहेबांनंतर त्यांचा मुलगा मालक झाला, ते छोटे साहेब. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तर ताई मंजुरीच्या सहीसाठी फाइल घेऊन हॉस्पिटलात हजर. साहेब अजून गुंगीत. तरी त्यांनी हात पुढे करून कशीबशी सही ठोकली. मला वाटलं, सुटलो! ताईंनी कागद उजेडात धरला आणि टर्रकन फाडला. गुंगीतल्या माणसाची मंजुरी कसली, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या.

*

मिर्झासाहेब आमचे वर्क्स मॅनेजर, रिटायर होऊन अफझलगंजच्या मागे राहायचे. एका लेथ मशीनला त्यांनी तोंडी होकार दिला होता. ताई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. त्यांनी खुबानी का मीठा, म्हणजे जर्दाळूंचं गोड, समोर ठेवलं आणि मागची तारीख टाकून सही द्यायला पेनही उघडलं. ताईंनी हात आडवा केला. आजचीच तारीख घाला, आणि तेव्हा तोंडी हो म्हटलं होतं एवढंच लिहा.

मिर्झासाहेब बघतच राहिले. "झूट लिखना आसान था अम्मा, तुम तो सच लिखा रहे," म्हणाले आणि लिहीत बसले. सगळी दुपार गेली. त्या दुपारची ताईंनी स्वतःची रजा टाकली होती, कारण हे काम कुठल्याच खात्यात बसत नव्हतं.

*

एकदा ताईंच्या यजमानांना मी विचारलं, घरी पण असंच का हो? त्यांनी नुसती मान हलवली. ताई समोरच होत्या.

"तोंडाने सांगा!"

*

शेवटी एकच खरेदी राहिली, पंप तपासायचं यंत्र. सगळ्यात महागडी. बडे साहेबांनी मान हलवली, तेव्हा ताई आणि मी दोघंही समोर होतो. पण कागद नाही, आणि बडे साहेबही नाहीत.

छोटे साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. "पप्पांची सही मला येते. अगदी डिट्टो."

ताई नको म्हणाल्या. मालकाला! साहेब चिडले. करार मोडला तर उद्यापासून येऊ नका, असं स्वच्छ सांगितलं. ताई जागेवर गेल्या आणि एक कागद टाइप केला. या खरेदीची लेखी मंजुरी शोधली, मिळाली नाही. खाली स्वतःची सही केली आणि तो कागद पहिल्याच फाइलमध्ये सगळ्यात वर लावला. बाई आहे की कोण, असं तेव्हा मला वाटलं, आजही वाटतं.

ऑडिटर मद्रासचा, जाड चष्म्याचा, अजिबात न हसणारा. टेबलावर फायलींची भिंत उभी. त्याने पहिली उघडली, वरचा कागद वाचला, पुन्हा वाचला. कोणी लिहिलं, विचारलं. ताई उभ्या राहिल्या. छोटे साहेब खिडकीबाहेर बघत होते.

यंत्र दाखवा, ऑडिटर म्हणाला. शेडमध्ये जाऊन त्याने ते चालू करून बघितलं. परत आला, फाइल मिटली, पेनाला टोपण लावलं आणि बॅग भरायला लागला. माझं काम झालं, म्हणाला, जे नाही ते नाही असं लिहिणारं माणूस इथे आहे, करार करायला हरकत नाही.

साहेब खुर्चीत मटकन बसले. ताईंचा चेहरा मात्र पडला.

"अहो, बाकीच्या फायली उघडून तरी बघा!"