अक्कांचा बोलता कॉम्प्युटर

मामांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते. "तुझी अक्का गेली. झोपेतच," एवढंच म्हणाले. मग, "तू सावकाश ये..."

मामा आणि अक्का हे नवरा-बायको माझे तांबरमचे घरमालक. सांगलीहून नोकरीसाठी चेन्नईत आले ती त्यांच्या वरच्या मजल्यावर राहू लागले. दोघंही तंजावरच्या मराठी घरांतले. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता, आणि माझी मराठी त्यांना पुस्तकातली वाटायची. अक्का कॉलेजात इतिहास शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. घरात एक जुना कॉम्प्युटर होता. त्यात पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्राम घालून घेतला, कीबोर्ड बोटांना पाठ केला आणि त्या पुन्हा वाचायला लागल्या. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, जुन्या विद्यार्थ्यांच्या मेल... सुट्टीच्या दिवशी दुपारभर खालून तो एकसुरी आवाज वर यायचा.

एका शनिवारी तो आला नाही. खाली गेले तर अक्का कीबोर्डवर हात ठेवून नुसत्या बसल्या होत्या. "सकाळपासनं मुका झालाय," म्हणाल्या. मामांनी पेपर उघडला. "मी वाचतो की."

"तुम्ही तुम्हाला आवडतं तेवढंच वाचता. खुनाच्या बातम्या गाळता."

मामांनी पेपरची घडी घातली.

मी स्पीकरची वायर काढून पुन्हा लावली, आवाज वाढवला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काही नाही. स्पीकर माझ्या फोनला जोडला तर व्यवस्थित वाजला. कॉम्प्युटरच जुना झालाय, नवा घ्या, असं मी सांगून टाकलं. अक्कांनी ते कानाआड केलं. "काल चालत होता. तेव्हापासनं घरात काय बदललं, ते सांगा."

मामा जरा चाचरले. क्रिकेटचा स्कोअर नीट दिसेना म्हणून त्यांनी टी. नगरच्या बाजारातून नवा स्क्रीन आणून सकाळीच लावला होता. अक्कांना स्क्रीनचं काय, म्हणून सांगितलं नव्हतं.

मग अक्का विचारत गेल्या आणि मी पडद्यावर दिसेल ते वाचत गेले. आवाजाच्या सेटिंगमध्ये दोन नावं होती, स्पीकर आणि नवा स्क्रीन. निवड स्क्रीनची झाली होती. त्याच्या वायरीतून आवाजही जातो, त्यामुळे कॉम्प्युटर सगळा आवाज तिकडे पाठवत होता, आणि त्या स्क्रीनमध्ये स्पीकरच नव्हता. मी स्पीकर निवडला. प्रोग्राम लगेच बोलू लागला.

अक्कांनी खुर्ची पुढे ओढली. "सरि, झालं. आता जा तुम्ही दोघं."

संध्याकाळी मात्र त्यांनी मला बोलावून घेतलं. आवाज नसताना, नुसत्या कीबोर्डवरून तो परत कसा आणायचा, ते त्यांना शिकायचं होतं. "परत मुका झाला तर कुणाची वाट बघत बसायला नको," म्हणाल्या, आणि त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट होता. आम्ही त्या कळांचा क्रम शोधून काढला. स्पीकर बंद ठेवून त्या तो पुन्हापुन्हा करत राहिल्या, चुकल्या, परत पहिल्यापासून लागल्या. न चुकता जमल्यावरच उठल्या.

परवा खाली मामांकडे गेले. अक्कांच्या विद्यार्थ्यांच्या बऱ्याच मेल येऊन पडल्या आहेत. मामा एका बोटानं उत्तर लिहीत होते, आणि ते कळ दाबतील ते प्रत्येक अक्षर प्रोग्राम मोठ्यानं उच्चारत होता.

"हा आवाज बंद करून देऊ?" मी विचारलं.

"नको. राहू दे," मामा म्हणाले, आणि पुढचं अक्षर शोधू लागले.