शिवलिंगप्पांचा बोर्ड आणि माझं अध्यक्षपद

मीटिंग ऐन रंगात आली होती आणि समोरच्या खिडकीतून मला दिसलं, की नागनाथनं शिवलिंगप्पांच्या दुकानाला शिडी लावली आहे.

शिवलिंगप्पा माझं गिऱ्हाईक. मुरूमकडचे तेलाचे व्यापारी. उस्मानाबादच्या बाजारात त्यांनी नवं दुकान काढलं होतं आणि दुकानाच्या रुंदीएवढा बोर्ड मला सांगितला होता. वरची ओळ उर्दू, निजामाच्या राज्यात तसा रिवाजच होता. मधली मराठी. खालची कानडी, कारण त्यांचं निम्मं गिऱ्हाईक आळंदकडचं. बोर्ड पसंत पडला तर तेलाच्या डब्यांवरच्या लेबलांचं डिझाइनही माझ्याकडंच येणार होतं. बोर्ड एकदा लिहिला की वर्षानुवर्षं टिकतो, पेंटरच्या दृष्टीनं हा त्याचा मोठा दोष. लेबलं मात्र दर हंगामाला लागतात. त्या वर्षी माझी बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून गळाली होती. धरून ठेवण्यासारखं हे एकच उरलं होतं.

आणि शिडीवर नागनाथ.

नागनाथ बेंबळीचा. आम्ही दोघं एकाच उस्तादांकडं शिकलो. मी आधी लागलो, तो मागून आला, म्हणून मला दादा म्हणायचा. उस्ताद माझं काम बघून म्हणत, "मेहनत करो." त्याचं बघून नुसतं "वाह" म्हणत. आमच्या धंद्यात अक्षर आधी खडूनं आखतात, मग ब्रशनं कडा धरतात, मग आत रंग भरतात. नागनाथ अक्षर आखायचाच नाही. ब्रश भरून घ्यायचा आणि थेट लिहायचा. उर्दूतलं लांबलचक वळण एका दमात ओढायचा आणि ते जिथं संपायला हवं तिथंच संपायचं. वर अंगातल्या पांढऱ्या सदऱ्यावर एक थेंब नाही. माझा सदरा बघून मी वर्षभरात कुठली कुठली कामं केली ते कुणीही सांगितलं असतं. मी त्याच्यावर जळायचो. याला दुसरा शब्द मला माहीत नाही.

उठून जावं आणि शिडी हलवावी, असं मनात आलं. पण मला उठता येत नव्हतं. मी अध्यक्ष होतो.

ते असं झालं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. विलायती रंग बाजारातून नाहीसा झाला होता. सफेदा, म्हणजे पांढऱ्या रंगाची भुकटी, तिच्याशिवाय आमचा कुठलाच रंग उजळत नाही, ती तर डोळ्यांना दिसेना. जिल्ह्यातल्या पेंटरांनी मंडळ काढलं तर कचेरीतून परमिट मिळेल, असं कुणीतरी सुचवलं. मला उर्दूत झकास अर्ज लिहिता यायचा. एवढ्या गुणावर मी अध्यक्ष झालो. लोक 'सदरसाहेब' म्हणू लागले. सुरुवातीला ते कानाला फार गोड लागलं. मग कळलं, की सदरसाहेब कचेरीच्या व्हरांड्यात बसून असतात आणि त्यांचे ब्रश घरी वाळून काठी होतात.

खरा जाच वेगळाच होता. मंडळ खटपट करून सफेदा आणायचं आणि सगळ्यांना सारखा वाटायचं. म्हणजे नागनाथलाही. तो मीटिंगला फिरकायचा नाही. "दादा, तुमी हाय की," म्हणायचा. मी आणलेल्या रंगानं तो माझी गिऱ्हाइकं रंगवायचा.

त्या काळी चार माणसं जमवायची तर परवानगी लागे. ती अध्यक्षाच्या नावानं निघे आणि सभेत एक पोलीस जवान येऊन बसे. आम्ही डब्यांवरून भांडायचो आणि त्यात सरकारविरुद्ध काही निघतं का, ते तो बिचारा कान देऊन ऐकायचा.

मी त्याला हळूच म्हणालो, "जरा बाहेर जाऊन येतो."

"बैठो सदरसाब," तो म्हणाला. "परवाना तुम्हारे नाम का है. तुम उठे तो जलसा बरखास्त. मैं वैसाच लिखता."

बसलो. तुळजापूरचा एक पेंटर उभा राहिला होता. "नवरात्र तोंडावर आलंय. समदे बोर्ड आमच्याकडं. सफेदा आमाला जास्ती पायजे."

"आन परंड्यात काय बोर्ड लागत न्हाईत व्हय?" परंड्याचा कडाडला.

आमचे सेक्रेटरी उस्मानभाई माझ्याकडं वळले. "सदरसाहेब, तुमीच सांगा आता."

"हां, हां. द्या की," मी म्हणालो.

"कुणाला?"

मी काय सांगणार? समोर नागनाथनं उर्दूची ओळ संपवली होती. शेवटचं वळण असं बसलं होतं, की तोंडातून 'वाह' निसटायचं तेवढं राहिलं. त्या वळणावर मला जितका राग आला तितका माणसावरही आला नव्हता.

तुळजापूर आणि परंड्याचं मिटेपर्यंत मराठीची ओळही झाली. सभा संपली तसा मी धावत रस्ता ओलांडला.

"नागनाथ, खाली उतर. या बोर्डावर सूत माझं आहे."

सूत म्हणजे दोरी. खडूच्या भुकटीत घोळवून दोघांनी ताणून धरायची आणि मधोमध चिमटीनं उचलून सोडायची. बोर्डावर सरळ रेघ उमटते. अक्षर त्या रेघेवर बसतं. ज्यानं सूत मारलं त्याचा बोर्ड, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. नागनाथनंही ती कधी मोडली नव्हती.

तो खाली उतरला. ब्रश पुसत म्हणाला, "दादा, तुमच्या गळ्याची आन. सूत न्हवतंच. मी हात फिरवून बघितलं की."

ते खरं असणार. सूत मारून मी जो गेलो तो परत आलोच नव्हतो. खडूची रेघ ती, वाऱ्यापावसात किती टिकणार? पेंटर दुसऱ्या दिवशी येणार हे धरूनच ती रीत पडलेली. अध्यक्ष होणारा पेंटर त्या रीतीत कुणी धरलाच नव्हता.

शिवलिंगप्पा गादीवरून उठून बाहेर आले. "पेंटर, तीनदा माणूस धाडला तुमच्याकडं. एकदा तुमी कचेरीत. एकदा मीटिंगीत. एकदा घरात हायसा, पर अर्ज लिवायलाय म्हनून सांगितलं. मी काय कोरा बोर्ड लावून तेल विकू?"

"शेठ, मंडळाचं काम होतं."

"मंडळ लई चांगलं हाय. पर मंडळ माझं दुकान उघडून देतंय व्हय?"

नागनाथ पुन्हा शिडी चढला आणि कागदावरचा नमुना बघून कानडी ओळीला लागला. त्याला कानडी वाचता येत नव्हतं. मला येत होतं. तरी त्याची अक्षरं माझ्यापेक्षा गोल आली.

माझ्या मागोमाग आलेले उस्मानभाई म्हणाले, "तक्रार करा. रीत ती रीत."

"कुणाकडं करू?"

"सदरसाहेबांकडं," एवढं म्हणून तेही थांबले.

त्या रात्री बायको म्हणाली, "मंडळालाच सांगा आता जेवाय वाढायला." माझ्या डोक्यात एक उत्तम विचार आला होता. इतका उत्तम, की मी चवीनं जेवलो.

मला ज्यानं बुडवलं ते नागनाथला द्यायचं. अध्यक्षपद.

सगळा हिशोब डोळ्यांपुढं उभा राहिला. तो कचेरीच्या व्हरांड्यात. त्याचे ब्रश वाळलेले. शिवलिंगप्पांचा माणूस त्याच्या दारातून परत चाललेला. आणि शिडीवर मी.

पुढच्या सभेला मी त्याला हाताला धरून आणलं आणि भाषण केलं. माझं वय झालं म्हणालो, तेव्हा मी चाळिशीतही नव्हतो. मंडळाला तरुण रक्त हवं म्हणालो. नागनाथसारखा हात अख्ख्या जिल्ह्यात नाही, असंही बोललो. एवढं एकच वाक्य खरं होतं आणि तेच म्हणताना जीभ जड झाली.

नागनाथ घाबरला. "दादा, न्हाय ओ. मला कामं हायत."

"म्हणूनच," मी म्हणालो. "कामाचाच माणूस पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नागनाथनं सदऱ्याची बाही नीट केली. मग म्हणाला, "दादांचा शब्द मोडवत न्हाय. पर मीटिंगची जागा मी सांगंन तिथं."

"हो, हो. कुठंही घे," मी उदारपणे म्हणालो.

त्यानं पहिली मीटिंग एका सराफाच्या दुकानासमोर घेतली. परवानगीत जागा म्हणून तेच लिहून आणलं होतं. तो शिडीवर, आम्ही खाली पटकुरावर. तो बोर्ड लिहीत होता आणि पाठमोराच सभा चालवत होता. ब्रश चालू असेपर्यंत कुणाला भांडावंसं वाटेना, सगळे वर बघत राहिले. तुळजापूरच्यानं तोंड उघडलं तेव्हा नागनाथ वरूनच म्हणाला, "तुमी नवरात्राला जास्ती घ्या. परंडेकरांनी दिवाळीला घ्यावा. हाय का कबूल?" दोघंही हो म्हणाले. एवढ्यावर मी कितीतरी सभा घालवल्या होत्या. पोलीस जवान शिडीचा पाय धरून उभा होता. मला त्यानं कधी पाण्याचा पेलासुद्धा दिला नव्हता.

अर्ज उस्मानभाई लिहू लागले. कचेरीत तुळजापूर आणि परंड्याचे पेंटर आळीपाळीनं बसू लागले. हे मला का सुचलं नाही? सुचलं असतं तरी मी केलं नसतं, हेही सांगून टाकतो. अर्ज दुसऱ्यानं लिहिला तर सदरसाहेब कसला, असं मला वाटायचं. नागनाथला काहीच वाटत नव्हतं. त्याची कामं थांबली नाहीत, उलट वाढली. दुकानासमोर सभा भरली की लोक जमायचे आणि बोर्ड बघून जायचे. मी वाट बघत राहिलो. आज नाही तर उद्या तो मेटाकुटीला येईल. नाही आला.

मग एक दिवस शिवलिंगप्पा स्वतः माझ्या घरी आले. ओसरीवर टेकले.

"पेंटर, डब्याची लेबलं तुमीच काढायची."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. साधला डाव! तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी म्हणालो, "नागनाथला वेळ मिळत नसेल. मीटिंगांचा व्याप फार."

"इल्ल इल्ल," शिवलिंगप्पा कानडीत नाही म्हणत हसले. "येळ हाय की त्येला. मी आधी त्येलाच सांगितलं. त्योच म्हनला, बारीक काम दादांकडं द्या. बारीक कामात माझ्यापरास त्येंचा हात बरा हाय."

मी त्यांना चहा पाजला. ऑर्डर घेतली. नाही म्हणण्याची ऐपत नव्हती, आणि इच्छाही नव्हती. लेबलावर घाण्याचा बैल काढला, भोवती करडईची फुलं, आणि तिन्ही लिप्यांत नाव. शिवलिंगप्पांना पसंत पडलं. पुढं बरीच वर्षं माझं घर त्या बैलानं ओढलं. नागनाथ जे बोलला ते खरं म्हणून बोलला, की माझी कीव करून, हे मी त्याला कधी विचारलं नाही. कुठलंही उत्तर आलं असतं तरी मला झोप लागली नसती.

त्याच्या पुढच्या सभेत मंडळाला कचेरीतून आधीपेक्षा जास्त सफेदा मंजूर झाल्याचं सांगितलं गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जवानानंही वाजवल्या. सगळ्यांत पुढं मी बसलो होतो, मला तर जोरातच वाजवाव्या लागल्या.

धंदा आणि पुढारीपण एका माणसाला जमत नाही, असं मी लोकांना सांगत आलो होतो. ते पुढं बंद केलं. आता नवीन पेंटर सल्ला विचारतात, तेव्हा एवढंच सांगतो. ज्याचं वाटोळं व्हावं असं मनापासून वाटतं, त्याला अध्यक्ष करू नये. तो चांगला निघण्याचा धोका असतो.