तिसरा प्राध्यापक

तिसरा प्राध्यापक सगळ्यांत वाईट, याबद्दल आमच्या रस्त्यात कुणाचंच दुमत नव्हतं. आणि तिसरा प्राध्यापक म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, अण्णा. मी त्याची धाकटी बहीण.

कुंभकोणमला त्या वर्षांत एक नाटक कंपनी पत्र्याच्या मांडवात मुक्काम ठोकून होती. तिचं एक तमिळ नाटक काही केल्या संपतच नसे. एक प्राध्यापक परसात यंत्र बांधून चंद्रावर जातो, तिथल्या राजाशी भांडतो, परत येतो, पुन्हा जातो. दर काही महिन्यांनी नवा भाग निघायचा. खऱ्या माणसाचा पाय चंद्राला लागायला अजून पुष्कळ अवकाश होता, तरी जवळच्या स्वामीमलै, इन्नंबूर गावांहून माणसं बैलगाड्या जुंपून यायची. आमच्या आईला मात्र ते मुळीच पटत नसे. "चंद्र म्हणजे देव की रे. त्याच्यावर पाय ठेवून येतोस, आणि मग तेच पाय घेऊन स्वैंपाकघरांत येतोस?" असं ती अण्णाला विचारायची. तो पाय धुऊन आत यायचा.

पहिला प्राध्यापक गोरापान, कुरळ्या केसांचा, गळ्याचा गोड. सिनेमात काम मिळालं म्हणून तो मद्रासला गेला. दुसरा जाडा, पण लोकांना पोट धरून हसवायचा. त्याचं मॅनेजरशी वाजलं आणि तो गाशा गुंडाळून चालता झाला. अण्णा तोवर पडद्याआड बसून नटांना वाक्यं पुरवत असे. सगळं नाटक पाठ असलेला तो एकटाच, म्हणून प्राध्यापकाची दाढी त्याच्या हनुवटीला चिकटवली गेली.

आम्ही पिढ्यान्पिढ्या तिकडेच राहिलेली मराठी माणसं, आमचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. एकुलता मुलगा तोंडाला रंग फासतो याची आमच्या वडलांना, अप्पांना, लाज वाटे, पण एकदम नाही म्हणायला त्यांनाही जड गेलं. देव्हाऱ्यातल्या विठ्ठलासमोर उभं करून त्यांनी अण्णाला बजावलं, "दिवाळीपर्यंत कर. लोकांनी तुज मानलं तर पुढचं बघूं. नाहीं मानलं तर दुकानांत बसायचं, आणि परत नाटकाचं नांव काढायचं नाहीं." अण्णाने देवाच्या पायावर हात ठेवून कबूल केलं. माझ्या भावाला जन्मात दुसरं काहीही नको होतं, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

तेव्हा दिवाळीपर्यंत लोकांच्या तोंडाकडे बघत बसणं आलं. आणि लोक तर समोरच बसलेले. समोरच्या घराच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बैठक भरे. त्या घरचे निवृत्त मास्तर आणि विड्याच्या पानांचा एक व्यापारी हे तिचे दोन खांब. नाटकाचा एकही खेळ दोघांनी चुकवला नव्हता. पहिला श्रेष्ठ हे त्यांचं कधीच ठरून गेलं होतं, त्यामुळे त्यात गंमत उरली नव्हती. सगळी गंमत होती ती सर्वांत वाईट कोण यात. पानवाला दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडायचा आणि मास्तर त्याला खोडून काढायचे. मी खिडकीच्या गजांआड तांदूळ निवडत ऐकत असे.

एकदा मास्तर म्हणाले, "अहो, पहिल्याच्या डोळ्यांत चंद्र दिसायचा. दुसऱ्याच्या डोळ्यांत निदान जेवण तरी दिसायचं. या तिसऱ्याच्या डोळ्यांत काय दिसतं? पुढचं वाक्य!"

पानवाला मांडीवर थाप मारून हसला आणि त्या दिवसापासून त्यानेही दुसऱ्याला सोडून तिसऱ्याला धरलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाक्य खोटं असतं तर इतका झाला नसता.

आणि वर अण्णा रस्त्याने आला की हीच माणसं मायेने विचारणार, "काय तंबी, जेवलास का? वाळलास रे." तो पुढे गेला की गप्पा जिथे थांबल्या तिथून सुरू. जणू तंबी, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, वेगळा आणि तिसरा प्राध्यापक वेगळा. एका संध्याकाळी मला राहवलं नाही. दारात जाऊन मी मास्तरांना तमिळमध्ये म्हटलं, "मामा, तुम्हांला इतकं कळतं तर तुम्हीच चढा ना त्या यंत्रात. दाढी तर तुमची घरचीच आहे." पानवाला हसला, मास्तर नाही हसले. आईने मला दंडाला धरून आत ओढलं आणि अप्पा घरी आल्यावर मी रीतसर बोलणी खाल्ली.

अण्णाच्या कानावर सगळं जात होतं. तो विहिरीपाशी उभा राहून पहिल्यासारखा आवाज काढून बघायचा, मग दुसऱ्यासारखा डुलत चालून बघायचा. मी सांगितलं, "अण्णा, तूं आपल्यासारखा कर की." तो म्हणाला, "आपल्यासारखा म्हणजे कसा, तें कोण सांगणार?" त्याचं जेवण तुटलं होतं. दिवाळी जवळ येत होती आणि मला फराळाचा वासही नकोसा झाला.

दिवाळीच्या तोंडावर नवा भाग लागला. यात मॅनेजरने नवी करामत काढली होती. यंत्र उडायच्या आधी प्राध्यापक दहापासून उलटे आकडे मोजणार, आणि एक म्हटलं की फटाक्यांच्या धुरात यंत्र दोरांनी वर जाणार. पहिल्याच खेळाला अप्पा आले. आयुष्यातलं त्यांचं ते पहिलं नाटक. पुरुषांच्या बाजूला, मास्तरांच्या मागच्याच बाकावर ते बसले. आई आणि मी बायकांत.

इथे आमच्या दुकानाची एक रीत सांगायला हवी. दारी तमिळ आणि घरी मराठी, तसं दुकानात गिऱ्हाइकाशी तमिळ, पण माल मोजायचा तो मराठीत. फळीवर किती समया उरल्या हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, नाही तर ते भाव पाडून मागतं. लहानपणी अण्णाने एकदा गिऱ्हाइकासमोर तमिळमध्ये मोजलं, तर अप्पांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. तेव्हापासून तो तमिळमध्ये रडायचा, हसायचा, भांडायचा, पण मोजायचा मराठीत.

यंत्राच्या खिडकीतून अण्णाचा चेहरा दिसत होता. त्याने "पत्तु", म्हणजे दहा, म्हणून सुरुवात केली. तेवढ्यात पडद्याआडच्या माणसाने धुराची दोन्ही मडकी एकदमच पेटवली. पत्र्यावर ठिणग्या उडाल्या, यंत्र एका अंगाला कललं, अण्णाला ठसका लागला. त्याने दाराला हात घातला, दार उघडेना. तो खरोखरीच घाबरला होता. आणि त्याच्या तोंडून निघालं, "नऊ... आठ... सात..."

तो मोजत राहिला, धापा टाकत, एकेका आकड्याला लटकून राहिल्यासारखा. त्या रात्री त्याच्या डोळ्यांत पुढचं वाक्य नव्हतं. घर सोडून जीव मुठीत धरून निघालेला माणूस होता. माझा भाऊ नट आहे हे मी त्या क्षणी पाहिलं, आणि मला रडू फुटलं. "एक" म्हटल्यावर यंत्र वर गेलं आणि मागच्या बाजूने, खेड्यांतून आलेल्या लोकांतून, शिट्ट्या आणि टाळ्यांचा पाऊस पडला. त्यांना वाटलं, ही यंत्राची गुप्त भाषा. पुढच्या बाकांवर मात्र आमची बोली ओळखणारे होते. मास्तर मागे वळून अप्पांना म्हणाले, "तुमच्या दुकानातला माल चंद्रावर निघाला की हो!" आसपासचे सगळे हसले. अप्पा उठले आणि खांद्यावरचं उपरणं सावरत बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर आमच्या ओट्यावर येऊन बसला. माणूस वाईट नव्हता, त्याने कॉफी घेतली. पुढचे बाक हसू लागलेत आणि दिवाळीची गर्दी हातची घालवता येत नाही, म्हणून तिरुच्चीहून चौथा प्राध्यापक आणत असल्याचं त्याने सांगितलं. अण्णाने मान हलवली. मॅनेजर उठता उठता म्हणाला, "पण ते मोजणं लोकांना फार आवडलं बघ. ते ठेवायचं म्हणतोय. नव्या माणसाला शिकवशील का?"

मला वाटलं, अण्णा आता त्याच्या अंगावर पेला फेकील. निदान मी तरी फेकावा. अण्णा म्हणाला, "शिकवतो."

चौथा उंच, देखणा आणि नम्र होता. तोंडात विडा धरून तो आमच्या ओट्यावर बसला आणि अण्णा त्याच्याकडून घोकून घेऊ लागला. त्याला "आठ" काही केल्या जमेना. अण्णा पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायचा, धाप कुठे टाकायची, दाराला हात कधी घालायचा, आवाज कुठे अडकू द्यायचा, सगळं. समोरच्या ओट्यावर मास्तर आणि पानवाला ऐकत बसले होते. शेवटी मास्तरांनी मान डोलावली. "हा चौथा बरा वाटतो. भीती कशी खरी दाखवतो!" मी खिडकी धाडकन लावून घेतली.

दिवाळीनंतर अण्णा दुकानात बसला. नाटकाचं नाव त्याने काढलं नाही, कबूल केल्याप्रमाणे. रस्त्यातली पोरं चौथ्याची नक्कल करत वाकड्यातिकड्या मराठीत उलटे आकडे ओरडत पळायची. आपण कुठल्या भाषेत मोजतो आहोत हे त्यांच्या गावीही नसे.

एका दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन दुकानात गेले. तिरुक्करुगावूरचं एक गिऱ्हाईक लेकीच्या लग्नासाठी समया बघत होतं. नेहमीच्या रीतीने अप्पांनी मराठीत विचारलं, "वरच्या फळीवर कितीक आहेत बघ."

अण्णा स्टुलावर चढला. एकेका समईला बोट लावत, सबंध दुकानाला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात तमिळमध्ये मोजू लागला, "ओण्णु, रेण्डु, मूणु, नालु..."

त्याने फळी संपेपर्यंत मोजलं. मी डबा हातात धरून उभी राहिले. अप्पांचा हात गादीवरून उचलला गेला आणि तसाच खाली आला. गिऱ्हाइकाने वर भरलेल्या फळीकडे पाहिलं आणि भाव पाडून मागितला. अप्पांनी त्याच भावाला समया देऊन टाकल्या.