मिझनाची मुकी गाडी

बापाचं आणि काकाचं ते कडाक्याचं भांडण मिझनाने पडद्याआडून ऐकलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. बकरीच्या केसांचा पडदा तो, त्यातून वारा अडायचा, बोलणं कुठलं अडतंय? बाप मुतलक उंटावरून पडून पाय मोडून बसला होता. विहीर बावीस मैलांवर, कळप तहानलेला, आणि पाण्याची गाडी तंबूबाहेर उभी. मुतलक म्हणत होता, पोरगी चालवेल. त्याचा थोरला भाऊ जदआन म्हणत होता, बाईमाणसाच्या हातात चाक दिलंस तर घराण्याची अब्रू गेली म्हणून समज.

"लोक थुंकतील आपल्यावर, मुतलक."

"थुंकू देत. तेवढंच पाणी मिळेल मेंढ्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिझना उशीवर बसून विहिरीला गेली, कारण उशीशिवाय तिला काचेतून आभाळच दिसायचं.

त्यानंतर ती थांबली नाही. लग्न झालं, मुलगा दहाम झाला, नवरा गेला, गाड्या तीनदा बदलल्या. शहरात बायकांना गाडी चालवायची मनाई होती, पण वाळवंटात बघायला येतो कोण? पोलीस दिसला की ती डांबरी रस्ता सोडून वाळूत उतरायची. ती साठीला आली तेव्हा परवानगी निघाली. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने विचारलं, सराव किती दिवसांचा आहे? ती म्हणाली, सत्तेचाळीस वर्षांचा. साहेबाने खिडकीबाहेर बघत सही केली. सही करायला मिझनाही त्या लायसन्ससाठीच शिकली. ते कार्ड तिने आपल्या वानेटमध्ये, म्हणजे मागे टाकी बसवलेल्या जुन्या पिकअपमध्ये, आरशाला जपमाळेशेजारी टांगलं.

सहा वर्षं सुखात गेली. मग विहिरीच्या अलीकडे नवी वसाहत उभी राहिली आणि तिच्या रस्त्यावर बिनमाणसाच्या गाड्या धावू लागल्या. पांढऱ्या, गुळगुळीत, आवाज नाही की धूर नाही. मागे प्रवासी बसलेले, पुढे चाक आपलं आपण फिरतंय. आधी मिझनाने देवाचं नाव घेतलं. पंधरा दिवसांत तिला सवय झाली.

मग दहामने शहरातून फोन करून सूचना वाचून दाखवली. नवे नियम येताहेत. रजब महिन्यापासून त्या रस्त्यावर फक्त डबी लावलेल्या गाड्या जातील. डबीतून गाड्या एकमेकींशी बोलतात, मी कुठे आहे, किती वेगात आहे, सगळं सांगतात. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लिहून द्यावी. दहामचं म्हणणं, आई, आता पुरे झालं, मेंढ्या विकून टाक, इकडे ये, वातानुकूलित खोली आहे. मिझनाने विचारलं, तुझ्या खोलीत साठ मेंढ्या मावतील का? आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात विहिरीवरून परतताना तिच्या रेडिएटरची नळी फुटली. तिने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडं टाकलं आणि उभी राहिली. त्या मुलखात उघडं बॉनेट बघून कोणी पुढे गेला तर त्याच्या नातवंडांनासुद्धा टोमणे ऐकावे लागतात. वैरी असला तरी थांबतो, पाणी देतो, मग हवं तर वैर पुढे चालू. मिझना निवांत होती. पाणी तिच्याकडे टाकीभर होतं, हवे होते दोन हात आणि एक पक्कड.

बिनमाणसाची पहिली गाडी आली, हळू झाली, दिवा लुकलुकवला, बेताचं अंतर ठेवून वळसा घालून गेली. दुसरीने तेच केलं, तिसरीनेही. दुपारच्या नमाजापासून तिसऱ्या प्रहरापर्यंत अकरा गाड्या गेल्या. शेवटी एक पठाण टँकरवाला थांबला, त्याने जुन्या ट्यूबची पट्टी नळीला आवळून दिली आणि वर तिलाच विचारलं, अम्मा, जेवलीस का?

दुसऱ्या दिवशी मिझना रस्त्यांच्या कार्यालयात जाऊन बसली. समोर राकान नावाचा तरुण अधिकारी होता, तिच्याच टोळीतला, बोलायला गोड. त्याने कॉफी दिली, खजूर दिले आणि तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत समजावून सांगितलं. डबीवाल्या गाड्या बोलतात, खालाची गाडी मुकी आहे. बोलणाऱ्यांत एक मुकी घुसली की अपघात व्हायचे.

"मुकी?" मिझना म्हणाली. "तुझ्या अकरा बोलक्या माझ्या शेजारून गेल्या. एकीच्याही तोंडून सलाम निघाला नाही."

राकानला वाईट वाटलं. त्यांनी बघितलं होतं खाला, नोंद असेल, असं म्हणत त्याने पडद्यावर शोधून काढलं आणि अभिमानाने दाखवलं. रस्त्याची रेघ, तिच्या कडेला राखाडी चौकोन, खाली लिहिलेलं: स्थिर अडथळा.

"हा चौकोन म्हणजे मी?"

"हो, खाला."

"बरी दिसते." तिने कॉफीचा घोट घेतला. "आता लिही माझी हरकत. या रस्त्यावर थांबलेल्यासाठी थांबावं लागेल."

"पण खाला, थांबून उतरणार कोण? आत चालवणारा नाहीच."

"मग ज्यातून उतरायला कोणी नाही, ती रस्त्यावर आणलीत कशाला?"

राकानने लिहून घेतलं, शब्द न् शब्द. दुसरी हरकत तिच्या वानेटची. वानेटला डबी लावून द्या, नाहीतर तशीच जाऊ द्या. राकान म्हणाला, इतक्या जुन्या गाडीला डबी बसत नाही, आणि डबीशिवाय सोडता येत नाही. तेही त्याने लिहिलं. मिझनाने खाली सही केली.

नियम पक्के झाले तेव्हा राकानने स्वतः फोन केला. सतरावं कलम तुझं आहे, खाला. उघडं बॉनेट दिसलं की गाडी थांबेल, दिवा लावेल आणि कार्यालयाला कळवेल.

"आणि पाणी?"

"पाणी नाही. कळवेल."

"आणि माझी वानेट?"

"डबीशिवाय नाही, खाला."

कळपावरच्या मेंढपाळाला तिने सांगितलं, लोखंडाला अर्धी रीतभात शिकवली, अर्धी राहिली.

रजबच्या पहिल्या तारखेला ती नेहमीच्या वेळी निघाली. डांबर सुरू होतं तिथे उतरली, रुतू नये म्हणून चारही टायरमधली हवा कमी केली आणि वाळूत शिरली. नियम रस्त्याचा होता, वाळूबद्दल त्यात अक्षर नव्हतं. रस्त्याला धरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती विहिरीपर्यंत गेली. दहाम चिडला. जुन्या दिवसांसारखी चोरासारखी जातेस, म्हणाला. ती म्हणाली, तेव्हा चोरून जात होते, आता लायसन्स आहे.

गंमत अशी झाली की तिच्या धुळीने बिनमाणसाच्या गाड्या बिचकायच्या. वानेट बाजूने चालली की रस्त्यावरची रांग गोगलगायीसारखी सरकायची. राकानने अजिजीने विचारलं, खाला, थोडी लांबून जाशील का? मिझना म्हणाली, नियमात लिही, मग जाईन. लिहायचं म्हणजे पुन्हा तीस दिवसांच्या हरकती आल्या, आणि पहिली हरकत कोणाची असेल ते राकानला ठाऊक होतं. त्याने लिहिलं नाही.

दीड वर्ष असं चाललं. एका शुक्रवारी पहाटे ती झोपेतच गेली. त्याआधीच्या मंगळवारीही ती पाण्याला गेली होती.

त्या मंगळवारी वारा होता. विहिरीवरून टाकी भरून येताना तिला रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबलेली दिसली, दिवा लावून, आत कोणी नाही. मिझनाने वानेट थांबवली. रस्त्यावर चढली, गाडीभोवती एक फेरी मारली. पुढच्या कॅमेऱ्याच्या काचेच्या डोळ्यावर वाळूचा थर बसला होता. तिने टाकीतून मगभर पाणी आणलं, डोळा धुतला, अंगावरच्या अबायाच्या टोकाने पुसून कोरडा केला. जरा वेळाने गाडीने दिवा विझवला आणि ती निघून गेली. सलाम काही केला नाही.

मिझना वाळूत परतली. कळपाशी येऊन तिने हौद भरला, आधी दुभत्या मेंढ्यांना पुढे घेतलं, नळी गुंडाळून हुकाला अडकवली. मग वानेट वळवून, तोंड विहिरीकडे करून लावून ठेवली.